मदत हवी आहे: दिनक्रम सुरू होतो, पण टिकत नाही

पायवाट:
पहाटे 5 ला उठणं, 45 मिनिटं व्यायाम, 20 मिनिटं ध्यान, झोपण्याआधी डायरी, साखर पूर्ण बंद आणि संध्याकाळी 7 नंतर जेवायचं नाही, असं ठरवलं आहे. काही आठवडे नीट चालतं. मग एक दिवस चुकतो आणि पाठोपाठ सगळंच सुटतं. सर्वात आधी घसरतं ते संध्याकाळचं खाणं: गोड नाहीतर तळलेलं. मनही मरगळलेलं असतं. यातलं आधी काय धरावं? 21 दिवसांत सवय लागते हे खरं का?

निरंजन_मानस:
21 दिवस विसरा. तो आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सवयींवर प्रत्यक्ष अभ्यास केला तो लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 96 जणांवर. कृती आपसूक होऊ लागायला लागणारा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस निघाला, मधला आकडा 66. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे नुकसान करतो तो चुकलेला दिवस नव्हे, 'आता मोडलंच आहे तर राहू दे' हा विचार. तुमचे नियमच त्याला खतपाणी घालतात. 'पूर्ण बंद' म्हटलं की एक घासही पराभव वाटतो.

सहाही गोष्टी एकदम नकोत. एकच घ्या आणि ती आधीपासून रोज होणाऱ्या कृतीला जोडा. वाक्य असं लिहा: 'दात घासून झाले की बूट घालून 10 मिनिटं चालेन.' 'सकाळी व्यायाम करेन' यात नेमकी वेळ कोणती हे रोज नव्याने ठरवावं लागतं आणि तिथेच टाळाटाळ शिरते. शिवाय वाईट दिवसासाठी किमान माप आधीच ठरवून ठेवा: 2 मिनिटं. तेवढं केलं तरी कॅलेंडरवर पूर्ण फुली मारायची, अर्धी नाही. फुल्या आठवड्यातून 5 झाल्या की पुरे. सलग दोन आठवडे एवढं जमलं की मगच वेळ 5 मिनिटांनी वाढवा.

पानभर (आहारतज्ज्ञ):
संध्याकाळच्या खाण्याला मनोनिग्रहाचा प्रश्न समजू नका. आधी दुपारचं ताट तपासा. दिवसभर कमी खाल्लं आणि वर रात्री 7 नंतर बंदी असली, तर 5 ते 8 या वेळात भूक उसळणारच. झोप अपुरी असेल तर ती आणखी वाढते, आणि ओढ नेमकी गोड-तेलकटाकडेच जाते.

दुपारी अर्धं ताट भाज्या, पाव ताट धान्य, पाव ताट कडधान्य, अंडी किंवा मासे. निरोगी प्रौढाला दिवसाला किलो वजनामागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोला 48 ग्रॅम. ती सगळी रात्रीच्या जेवणात कोंबू नका. साडेचार-पाचला, भूक चढायच्या आधी, फळ आणि मूठभर शेंगदाणे घ्या. 7 चा नियम काढून टाका. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटोपलं की झालं.

साखरही पूर्ण तोडायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी: 2000 कॅलरींना 50 ग्रॅम, जमल्यास 25. फळांच्या रसातली साखर यात धरतात, अख्ख्या फळातली नाही. गोड पेयं बंद केली तरी बराच भार उतरतो.

पायवाट:
दोघांचेही आभार. मग एकच निवडायची तर चालणं, की पहाटे 5 चं उठणं?

निरंजन_मानस:
उठणं, पण 5 चा हट्ट नको. सुट्टीच्या दिवशीही पाळता येईल अशी वेळ घ्या, अगदी 7 सुद्धा. रात्री झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, उठण्याची वेळ असते. ती ठरली की झोपेची वेळ हळूहळू मागून येते. उठल्यावर लगेच उजेडात जा. 10 मिनिटांचं चालणं तिथेच बसवता येईल.

कॉफी दुपारनंतर नको. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 5 तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. अंथरुणात 20 मिनिटांच्या आसपास झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. दुसऱ्या दिवशी उठायचं मात्र ठरल्या वेळीच. लवकर झोपून भरपाई करायला गेलात की पुढची रात्रही बिघडते.

मरगळीकडे वेगळं लक्ष द्या. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, तर दिनक्रमावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी12 तपासायचं का, तेही विचारा. जगणं नकोसं वाटणारे विचार येत असतील तर भेट त्याच दिवशी.

पानभर (आहारतज्ज्ञ):
एक जोड: पहिले दोन आठवडे वजन करू नका. पाणी आणि मिठामुळे काटा रोज एक-दीड किलो इकडेतिकडे होतो, आणि चाललेलं नीट असताना माणूस सोडून देतो. त्याऐवजी संध्याकाळी 6 वाजता भूक 0 ते 10 मध्ये किती, तेवढंच लिहा. रोज 7 च्या वर येत असेल तर दुपारच्या जेवणात एक वाटी कडधान्य वाढवा.