चौरस तिरका धरला की मुलं त्याला शंकरपाळी म्हणतात. टॅबवर आकार कसे शिकवू?

पहिलीची बाई, चोपडा तालुका

नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे, 19 मुलं. गावाने लोकवर्गणी काढून मोठा टीव्ही आणि दोन टॅब दिले. महिनाभर आकारांचे व्हिडिओ दाखवले. गाणं लागलं की पोरं सतरंजीवर उभी राहून ओरडतात, त्रिकोण! चौरस! वर्तुळ! एकही चुकत नाही. मी निर्धास्त होते.

परवा लाईट नव्हती. पुठ्ठ्याचा चौरस कापला, कोपऱ्यावर उभा धरला आणि विचारलं, हे काय? पुढे बसलेली एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, हाई शंकरपायी शे." बाकीच्यांनीही तीच री ओढली. सरळ केला की चौरस, तिरका केला की शंकरपाळी. लांब, निमुळता त्रिकोण दाखवला तर म्हणाले, काटा. टोक खाली केलं तर, "त्रिकोण पडी गया."

घरी जाईपर्यंत तेच डोक्यात होतं. महिनाभरात मुलांनी चित्रांची नावं तेवढी पाठ केली होती. टॅब कपाटात ठेवून द्यायला मन होत नाही, लोकांनी हंगामाच्या तोंडावर पैसे काढून दिलेत. पण तो वापरू कसा?

धुळ्याहून, प्राथमिकला 22 वर्षं

ताई, तुमची मुलं जिथे आहेत तिथूनच सगळी मुलं जातात. नेदरलँड्समधल्या डिना आणि पिअर व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने 1957 साली हेच मांडलं. आधी मूल अख्खा आकार एखाद्या चेहऱ्यासारखा ओळखतं, बाजू आणि कोपरे त्याला नंतर दिसू लागतात. ही पायरी नुसतं वय वाढलं म्हणून चढली जात नाही, हाताला काय करायला मिळालं यावर ते ठरतं. व्हिडिओतला त्रिकोण बहुतेक वेळा पाटावर बसल्यासारखा असतो, तळ खाली आणि टोक वर. मुलांनी तोच चेहरा लक्षात ठेवला.

उद्या दोन गोष्टी करून पाहा. टॅबचं ऑटो रोटेट बंद करा. ते चालू असलं की टॅब आडवा-उभा केल्यावर चित्र आपोआप सरळ होतं, म्हणजे जे शिकवायचं तेच यंत्र पुसून टाकतं. बंद केल्यावर पडद्यावर चौरस ठेवा आणि टॅब मुलांच्याच हातात द्या, फिरवू द्या.

दुसरं, जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप टाकून घ्या. फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही. तीन बिंदूंचा त्रिकोण काढा आणि एक बिंदू मुलाला बोटाने ओढू द्या. काटा होईल, लोळेल, उलटा होईल. दर वेळी एकच प्रश्न विचारा: बाजू किती? कोपरे किती? एका टॅबवर चारपेक्षा जास्त मुलं नकोत, नाहीतर दांडगाच ओढत बसतो.

धडगावकडचा शिक्षक

सरांशी सहमत, पण टॅबच्या आधी काड्या. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं जुनं साधन आहे, आगकाड्यांचं गूल खरवडायचं आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून हलत नाही. चार काड्यांचा चौरस दाबला की कलंडतो आणि खरी शंकरपाळी होते.

तुमचं उत्तर इथेच आहे, मॅडम. फिरवला तर चौरस चौरसच राहतो, दाबला तर शंकरपाळी. फरक कोपऱ्यात आहे. कागदाची दुहेरी घडी घालून काटकोन करा आणि मुलांना प्रत्येक कोपऱ्यात बसवून बघू द्या, काड्यांवर आणि टॅबच्या काचेवरही.

टॅबच्या कॅमेऱ्याने गावातले आकार टिपायला लावलंत तर एक सांभाळा. ताटाचा फोटो बाजूने काढला की लंबगोल येतो. आमच्या मुलांनी त्यावरून भांडण केलं होतं. ताट आणि फोटो शेजारी ठेवले, मग उभं राहून बरोबर वरून काढायला सांगितला, तेव्हा मिटलं.

रावेरची आई

मी शिक्षिका नाही, पण त्या पोरीला चूक म्हणू नका. तिने आईला पोळपाटावर तिरक्या रेघा मारताना पाहिलंय. घरून आणलेला शब्द आहे तिचा.

पहिलीची बाई, चोपडा तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तिला चूक म्हटलं नाही, तिच्याच हातात काड्यांचा चौरस दिला. दाबला, सोडला, घडीचा कागद लावला आणि म्हणाली, "आते व्हयनी शंकरपायी," म्हणजे आता झाली शंकरपाळी. तिरक्या पुठ्ठ्यात तोच कागद चारही कोपऱ्यांत बसला तेव्हा बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच म्हणाली, चौरस.

आज जिओजेब्रा. पाच गट केले, दोन टॅब आळीपाळीने, बाकीच्यांना काड्या. त्रिकोण आता काट्यासारखा झाला तरी तीन कोपरे मोजतात. पण एकाने बिंदू ओढत ओढत समोरच्या बाजूवर नेऊन ठेवला. तिन्ही बिंदू एका रेघेत आले. तो माझ्याकडे टॅब घेऊन धावत आला, "मॅडम, त्रिकोण कथा गया?" म्हणजे, कुठे गेला?

सर, सहा वर्षांच्या मुलाला याचं काय उत्तर द्यायचं? सोमवारी तो पुन्हा विचारणार आहे.