मदत हवी आहे: प्लायच्या बॉक्सला कोणता जोड?

राम राम मंडळी. मी अमळनेरचा. घरच्या दिवाणाखाली गोधड्या-रजया ठेवायला १८ एमएम प्लायचे तीन बॉक्स स्वतः बनवतोय. वरती माणसं बसणार, पाहुणे आले की झोपणारही, म्हणून जोड पक्काच हवा.

जुना दिवाण मिस्तरींनी नुसत्या खिळ्यांवर ठोकला होता. प्लायच्या कडेत मारलेले खिळे दोन वर्षांत सैल झाले आणि कोपरे उघडले. आईला त्यावर बसायची भीती वाटते, ते मनाला लागलंय.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, राउटरने (लाकडात खाच पाडायचं मशीन) ६ एमएम खोल खाच पाडून फेव्हिकॉल आणि स्क्रू. मला हाच आवडतो, कारण वजन खाचेच्या ओठावर बसतं, स्क्रूवर नाही. पण माझा प्लाय मोजला तर १७.३ एमएम भरला. १८ एमएमच्या बिटने (राउटरचं पातं) खाच ढिली पडते. बारीक बिटने दोनदा फिरवू का? की ढिलाई फेव्हिकॉलवर सोडू? मला तरी ते पटत नाही, पातळ सांध्यातच तो धरतो.

दुसरा, लाकडी डोवेल, म्हणजे दोन्ही फळ्यांच्या भोकांत बसणाऱ्या गोल खुंट्या. पण हाताने भोकं सरळ येत नाहीत.

आणखी एक: कडेत स्क्रू मारताना प्लायचे थर फाटतात. ४ एमएमच्या स्क्रूला ३ एमएमचं भोक आधी पाडलं तर थांबेल ना? इथल्या मे महिन्याच्या उन्हात फेव्हिकॉल लावताच सुकायला लागतो. तुम्ही पहाटे काम करता का? ज्यांनी बनवलंय त्यांनी सांगा, रविवारी कापायला घेतोय.