सोटोचं एक वर्ष

अमेरिकी बेसबॉलमधल्या सॅन डिएगो पाड्रेज संघाने डिसेंबर 2023 मध्ये हुआन सोटो हा खेळाडू न्यूयॉर्क यांकीज संघाला देऊन घोडचूक केली, हे तुमचं मत मला पटत नाही. त्याच्या तोडीचे बॅटर फार थोडे आहेत, मान्य. पण पाड्रेजच्या हातात त्याचं एकच वर्ष उरलं होतं. 2024 नंतर तो कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होणार होता, आणि त्या वर्षाचा पगार पुढे 3 कोटी 10 लाख डॉलरवर ठरला.

बदल्यात पाच खेळाडू आले. पिचर (चेंडू टाकणारा) मायकल किंग यांकीजकडे बहुतेक रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मध्येच येणारा पिचर होता; इथे त्याला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर केलं आणि 2024 मध्ये त्याचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तेवढी चांगली) 2.95 राहिला! त्या पाचांतला ड्रू थॉर्प तर पाड्रेजकडून एकही सामना न खेळता मार्चमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. त्या सौद्यातून पिचर डिलन सीस मिळाला आणि जुलैमध्ये त्याने नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. हा दुसरा टप्पा हिशेबात धरायलाच हवा.

यांकीजही फसले असं मी म्हणणार नाही. सोटोने 2024 मध्ये 41 होमरन मारले, संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत गेला. नंतर न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाने त्याला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर दिले. तेवढा पैसा पाड्रेजने कुठून आणला असता?