घर आणि गाडीच्या शेडसाठी ड्रिल मशीन कोणतं घ्यावं?

खटपट्या

मंडळी, नाशिकला रो-हाऊस घेऊन दीड वर्ष झालं. आजवर भिंतीत एक भोक पाडायचं म्हटलं तरी इलेक्ट्रिशियनला फोन. तो "रविवारी येतो" म्हणतो, कोणत्या रविवारी ते सांगत नाही. आला की चार भोकांचे तीनशे रुपये. तेव्हा आता मशीनच घ्यायचं ठरवलंय.

कामं साधारण अशी: पडद्याचे रॉड, फोटो, देवघराची फळी, स्वयंपाकघरात टाइलवर दोन हुक. खाली गाडीच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला लोखंडी अँगलचा रॅक बसवायचाय आणि जुन्या सागवानी दाराचं कामाचं टेबल करायचंय. बजेट चार हजार, फार ताणलं तर पाच.

दुकानदार म्हणतो रोटरी हॅमर घ्या. मेहुणा म्हणतो कॉर्डलेस घ्या, वायरची कटकट नको. ऑनलाइन शंभर नगांच्या पेटीसकट एक मशीन दोन हजारांत दिसतंय. कुणाचं ऐकू?

अर्धवट सुतार

मशीनचं नंतर बघू. भिंत कशाची आहे?

खटपट्या

भिंत कशाची म्हणजे? पांढरा रंग आहे.

अर्धवट सुतार

रागावू नका, पण मोठ्यांदा हसलो. मीही पहिलं मशीन घेतलं तेव्हा हेच उत्तर दिलं असतं.

त्या इलेक्ट्रिशियनने पाडलेल्या भोकांपैकी एखाद्यातला स्क्रू आणि गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) काढून आत टोकरून बघा. किंवा पुढच्या वेळी तो आला की खाली पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. पहिला अर्धा-पाऊण इंच सगळीकडे राखाडीच निघतो, तो गिलावा. त्याच्या मागे लाल निघालं तर वीट. बिट (ड्रिलचं फिरणारं टोक) लोण्यात जावं तसं आत गेलं आणि पिठासारखी फिकट भुकटी आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे आपले लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात ते. आणि मशीन नुसतं किंचाळतंय, भुकटी चिमूटभर, बिट तापलंय, तर समोर काँक्रीट आहे.

साध्या घरात काँक्रीट फक्त कॉलम, बीम, स्लॅब आणि खिडकी-दारावरच्या लिंटेलला असतं. गोची अशी की पडद्याचा रॉड नेमका तिथेच लागतो.

चौथा मजला ठाणे

या शेवटच्या वाक्यावर मी एक दुपार घालवलेली आहे. आमचा टॉवर मायवान शटरिंगचा. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा स्लॅबबरोबर काँक्रीटच्याच ओततात, वीट औषधालाही नाही. साधं ५०० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल आणलं. पहिल्या भोकाला वीस मिनिटं, दोन बिटांची टोकं गेली, खांदा आला. मग शेजारच्यांचं रोटरी हॅमर आणलं. तेच भोक अर्ध्या मिनिटात.

मायवानच्या इमारतीत राहत असाल तर रोटरी हॅमरच घ्या. पण रो-हाऊसला बहुतेक ही वेळ येत नाही.

दुकानातला माणूस

मी हत्यारांच्या काउंटरवरच असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दोन्हींना लोक "हॅमर" म्हणतात, पण आतली यंत्रणा अगदी वेगळी.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी असते. फिरताना एक दुसरीच्या दातांवरून कडकड उड्या मारते. ठोके मिनिटाला हजारोंनी, पण प्रत्येक ठोका हलका, आणि मागून तुम्ही जोर लावलात तरच तो पोचतो. विटेला एवढं पुरतं. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर आतला घण बिटाच्या बुडावर आदळतो. ठोके कमी, पण एकेक ठोका खरा. बॉशचं जीबीएच २-२६ सगळ्या साइटवर दिसतं, त्याचा ठोका २.७ जूलचा. माणसाने फक्त मशीन सरळ धरायचं, रेटायचं नाही. हवेच्या दाबावर चालणारा असला हॅमर बॉशने १९३२ मध्येच आणला होता, नवीन काही नाही.

मग सगळ्यांनी रोटरीच का घेऊ नये? कारण त्याला एसडीएस बिट लागतं, खाचा असलेलं, जे सॉकेटमध्ये मुद्दाम थोडं पुढे-मागे सरकतं. लाकडात आणि लोखंडात नेमकं हेच नको असतं. ॲडॉप्टर लावून साधा चक (बिट धरणारा जबडा) बसवता येतो, पण टोक थरथरतं, अँगलवर सरळ भोक पडत नाही. शिवाय वजन पावणेतीन किलोच्या आसपास. स्टुलावर उभं राहून फोटोसाठी भोक पाडायला ते धरून बघा.

खटपट्या, तुमच्या यादीत वीट, टाइल, लोखंड, सागवान. दुकानदाराने तुम्हाला रोटरी सुचवलं ते त्याच्या बिलासाठी. तुमच्यासाठी ५०० ते ६०० वॉटचं, १३ मिमी चकचं, वेग कमी-जास्त होणारं आणि उलटं फिरणारं इम्पॅक्ट ड्रिल. हॅमरचं बटण बंद करता आलंच पाहिजे. बॉश, मकिता, डिवॉल्ट, स्टॅनली, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे ते घ्या. तीन हजारांच्या आसपास बसेल, उरलेल्या पैशांची बिटं घ्या. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजले की शंभर-दीडशेत बदलून मिळतात. ते बदलायची झाकणं बाहेरून दिसतात का, तेवढं बघून घ्या.

खटपट्या

आणि ती शंभर नगांची पेटी?

दुकानातला माणूस

त्यातली ऐंशी बिटं तुम्ही आयुष्यात वापरणार नाही आणि वीस पहिल्याच भिंतीत बोथट होतील. भिंतीसाठी कार्बाइड टोकाची ६ आणि ८ मिमी, लोखंडासाठी एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) ३, ४, ६ आणि ८. एवढीच सुटी घ्या, पण चांगली घ्या. मुंबईत कुणी जाणार असेल तर नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे एकेक बिट हातात घेऊन निवडता येतं.

डॅलसकर

मेहुण्याच्या बाजूने दोन शब्द. इथे अमेरिकेत घरं लाकडी चौकटीची, वरून जिप्समचे तक्ते. भिंतीत सोळा-सोळा इंचांवर लाकडी दांडे असतात, ते शोधायचे आणि त्यात सरळ स्क्रू मारायचा. गिट्टी क्वचितच लागते. म्हणून इथे सगळे कॉर्डलेस वापरतात आणि यूट्यूबवरचे सगळे सल्लेही त्याच भिंतींना धरून असतात. तुमच्या विटेला ते लागू नाहीत.

मागच्या वेळी मी भावासाठी हौसेने इथलं वायरचं ड्रिल घेऊन गेलो होतो. इथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, तिकडे २३०. भावाने पिन बदलून थेट लावलं. आवाज फार छान आला, साधारण चार सेकंद.

अर्धवट सुतार

😂 वास अजून येत असेल.

कॉर्डलेसबद्दल माझं मत: दुसरं मशीन म्हणून उत्तम, पहिलं म्हणून नाही. कपाटाच्या बिजागऱ्या, टेबलाचे स्क्रू यासाठी १२ व्होल्टचं मस्त. पण घरात महिन्यातून एकदा काम निघतं, तेव्हा बॅटरी हमखास मेलेली असते. चार-पाच वर्षांनी ती दमली की नवी घेताना कळतं की निम्मी किंमत बॅटरीचीच होती. आणि डब्यावरच्या आकड्याने हुरळू नका. "२० व्होल्ट मॅक्स" आणि "१८ व्होल्ट" एकच, आत तेच पाच सेल. एक आकडा पूर्ण चार्जचा, दुसरा सरासरीचा.

जांभ्यावरचा

रत्नागिरीहून. नाशिकला उपयोग नाही, पण धागा शोधत पुढे कुणीतरी कोकणातला येईलच. जांभ्याच्या भिंतीत हॅमर अजिबात लावू नका. चिरा मऊ आणि भोकाळ, सहाचं भोक बघता बघता दहाचं होतं आणि गिट्टी आत गोल फिरत बसते. हॅमर बंद, गिट्टीपेक्षा एक मापाने लहान बिट, आणि स्क्रू लांब, अडीच-तीन इंची. तरीही सैल झालं तर भोकात सिमेंटचा घट्ट गारा भरून गिट्टी बसवायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. आजोबा लाकडी खुंटी ठोकायचे, ती अजून हलत नाही हा भाग वेगळा.

कडीकोयंडा

टाइलचं कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या स्वयंपाकघरात दोन टाइल तडकल्यावर शिकलेली गोष्ट आहे.

जागेवर कागदी चिकटपट्टी फुलीसारखी लावायची, नाहीतर टोक घसरतं आणि चकाकीवर ओरखडा उठतो. हॅमर बंद. परत तपासायचं की खरंच बंद आहे. बिट काचेचं, भाल्याच्या टोकासारखं येतं ते. वेग अगदी कमी, मधून मधून पाण्याचे थेंब ओल्या बोळ्याने. मशीनवर पाणी जाता कामा नये. टाइल पार झाली की थांबायचं, भिंतीचं बिट लावायचं आणि मगच हॅमर चालू. टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत राहा. हे सगळं भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला. जमिनीच्या व्हिट्रिफाइड भिंतीवर लावल्या असतील तर हे बिट नुसतं घासत बसेल, त्याला डायमंडचं पोकळ बिट लागतं.

लोखंडी अँगलला सेंटर पंचने (टोकदार पोलादी खिळा) खूण ठोका, आधी ३ मिमी, मग ६, वेग कमी, दोन थेंब तेल. लांब कुरळी साल निघाली तर बरोबर. धूर आला आणि टोक निळं पडलं की ते बिट गेलं. अँगल क्लॅम्पमध्ये आवळल्याशिवाय भोक पाडू नका. हाताने धरलेला अँगल बिटात अडकून फिरला तर बोटं जातात, याच्यावर विनोद नाही.

आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कुठेही भोक नको, वायरीची नळी तिथूनच गेलेली असते. बाथरूमच्या नळांचंही तसंच.

दुपारची झोप

मशीन कोणतंही घ्या. दोन ते चार बंद ठेवा.

चौथा मजला ठाणे

आपण आमच्याच सोसायटीत राहता का?

खटपट्या

सगळ्यांचे आभार. एक जुना फोटो काढून आत टोकरलं, गिलाव्यामागे लाल. वीट आहे! शनिवारी जाऊन ६०० वॉटचं, १३ मिमी चकचं घेतलं, तीन हजार दोनशेला. सुटी सहा बिटं, काचेचं एक, सेंटर पंच, गिट्ट्यांचं पाकीट. चार हजारांत बसलं. पेटी घेतली नाही, मुलगा नाराज आहे.

टाइलचे दोन्ही हुक बसले, एकही तडा नाही. कडीकोयंडा ताई, चिकटपट्टीसाठी खास धन्यवाद. अँगलची भोकंही झाली, साल कुरळी निघाली.

आता अडलंय ते रॅकवर. शेडच्या मागच्या भिंतीत खालची चार भोकं दहा मिनिटांत झाली. वरची दोन मात्र पाऊण इंचानंतर पुढे जातच नाहीत. मशीन किंचाळतंय, राखाडी भुकटी, बिट तापतंय. पंधरा मिनिटं झाली. दुकानदाराचंच ऐकायला हवं होतं का?

अर्धवट सुतार

आधी मशीन बंद करा, कार्बन वाचवा. वरची भोकं जमिनीपासून किती उंचीवर आहेत? आणि त्या भिंतीला खिडकी किंवा झरोका आहे का?

खटपट्या

सात फूट दोन इंच. बाजूला झरोका आहे, त्याचा वरचा काठ साधारण सात फुटांवर.

अर्धवट सुतार

झरोक्याच्या वरून लिंटेलची पट्टी आडवी पुढे नेलेली आहे, बहुतेक सगळ्या भिंतीभर. साधारण सहा इंच जाडीची असते. तुम्ही तिच्या पोटात आहात. मध्ये सळईसुद्धा असेल आणि ती लागली तर रोटरीचं साधं बिटही हात टेकतं. पट्टीच्या खाली विटेत या.

खटपट्या

रॅक पाच इंच खाली घेतला. वरची दोन भोकं पाच मिनिटांत झाली. खालची चार मात्र नव्याने पाडावी लागली, जुन्यांत पुट्टी भरतोय.