अरबी गोष्टींचं तात्पर्य शोधायचं कुठे?

सांजवात
महिनाभर लेकीला रोज रात्री 'अलिफ लैला'तली, म्हणजे अरबी 'हजार आणि एक रात्रीं'मधली एक गोष्ट सांगतेय. परवा कोळी आणि जिन्न झाली. कोळ्याचा नेम, दिवसातून चारदाच जाळं टाकायचं. आधी मेलेलं गाढव, मग चिखलाने भरलेला रांजण, मग फुटकी खापरं, आणि चौथ्या खेपेला शिशाची मोहर मारलेलं तांब्याचं भांडं. त्यातून सुटलेला जिन्न म्हणतो, कसं मरायचं ते तूच सांग. कोळी म्हणतो, एवढा थोरला तू, एवढ्याशा भांड्यात मावलास कसा? जिन्न दाखवायला आत शिरतो, कोळी झाकण बसवतो.

लेक उठूनच बसली. "म्हणजे त्याने फसवलं ना गं आई? मग तो चांगला कसा?"

मला पटकन काही सुचेना. इसापनीतीत शेवटी 'तात्पर्य' छापलेलं असतं, आपली सुटका होते. इथे ते नाही, आणि माझ्या मते ते शेवटी शोधूच नये. खजुराची बी भिरकावली म्हणून एका व्यापाऱ्याच्या हातून जिन्नाचा मुलगा मरतो. सूड घ्यायला आलेल्या जिन्नाला तीन म्हातारे एकेक गोष्ट सांगतात आणि दर गोष्टीला व्यापाऱ्याचा एक तृतीयांश खून माफ होतो. या सगळ्या गोष्टी सांगणारी राणी शहराजाद स्वतःचा जीव वाचवायला शहरियार राजापुढे रोज रात्री तेच करते. गोष्ट ऐकेपर्यंत माणूस मारायचा थांबतो, एवढंच या ग्रंथाला सांगायचंय. 'लोभ करू नये' वगैरे मुलांच्या आवृत्त्यांनी मागून चिकटवलं.

कोरा कागद
मागून चिकटवलं? अजिबात सहमत नाही. कैरोजवळच्या बूलाकच्या छापखान्यात 1835 साली छापलेली अरबी प्रत उघडा. पहिल्याच पानावर म्हटलंय की होऊन गेलेल्यांची चरित्रं पुढच्यांसाठी 'इब्रा' आहेत. इब्रा म्हणजे दुसऱ्यावर गुदरलेलं पाहून आपण घ्यायचा धडा. गोष्टीतली माणसंही पुनःपुन्हा म्हणतात, माझी कहाणी सुयांनी डोळ्याच्या कोपऱ्यात कोरली तरी शहाण्याला धडा होईल. अरबीत सुया म्हणजे 'इबर', धडा म्हणजे 'इब्रा'. हा श्लेष सांगणाऱ्यांच्या तोंडात घोळलेला आहे.

आणि 'कलीला व दिम्ना' कसं विसरलात? आपलंच पंचतंत्र पहलवीमार्गे (पहलवी म्हणजे जुनी फारसी) आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत नेलं. आपल्याकडे दमनक कोल्हा सिंहाकरवी संजीवक बैलाला मारवतो आणि वर मंत्रिपद भोगतो. अरबीत एक अख्खं प्रकरण जास्तीचं आहे, दिम्नाच्या, म्हणजे दमनकाच्या खटल्याचं. सिंहाची आई पाठपुरावा करते, साक्षी होतात, दिम्ना दोषी ठरून मरतो. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फानेच घातलं असं अभ्यासक मानतात. कपटी माणूस सुटलेला त्याला बघवला नाही. तात्पर्याची एवढी ओढ ज्या परंपरेला आहे, तिला तुम्ही तात्पर्य नाकारताय.

सांजवात
खटल्याचं माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. पण तो दरबारातल्या चिटणिसाने राज्यकर्त्यांसाठी लिहिलेला ग्रंथ. 'अलिफ लैला' बाजारातली. दहाव्या शतकात बगदादच्या पुस्तकविक्रेत्या इब्न अल-नदीमने तिच्या पूर्वसुरी फारसी ग्रंथाला नीरस म्हणून निकालात काढलं होतं. दोन्ही एका तागडीत घालू नका.

शिंपला
मी आठवीला शिकवते. तुम्ही दोघंही ज्या ग्रंथातल्या धड्यावरून वाद घालताय, त्याच्या चौकटीकडे, सगळ्या गोष्टींना बांधणाऱ्या मुख्य कथेकडे कुणीच बघत नाहीये. शहरियार तीन वर्षं रोज एका मुलीशी लग्न करून सकाळी तिला मारतो. शेवटी काय? शहराजाद तीन मुलगे पुढे उभे करून जीवदान मागते आणि तो ते देतो! माफी कोणी मागायची आणि कोण मागतंय? त्या मेलेल्या मुलींचं नावसुद्धा नाही. दिम्नाला खटला आणि राजाला नगारे. माझ्या वर्गातल्या मुलींना यात काय शिकवू?

खारा वारा
मस्कतहून लिहितोय. शिंपलाताई, तुमचा राग खरा आहे. फक्त एक सांगू का, तो सुखाचा शेवट जुन्यातल्या जुन्या मोठ्या हस्तलिखितात नाहीच. पॅरिसमधलं ते सीरियन बाड 282व्या रात्रीपाशी अर्धवट थांबतं. (अल्लाउद्दीन आणि अलीबाबा तर त्याहून उशिरा आले. सीरियातल्या हलबच्या हन्ना दियाबने 1709 साली पॅरिसात ग्रंथाचा फ्रेंच अनुवादक गालाँ याला सांगितलेल्या गोष्टी त्या.)

आता कोळ्याकडे परत या. जिन्न भांड्यात बंद झाल्यावर कोळी त्याला गोष्ट सांगतो ती यूनान राजाची. दूबान वैद्य त्याचा कुष्ठरोग बरा करतो, आणि राजा वजिराचं ऐकून त्याच वैद्याची मान मारतो. मरताना वैद्य एक ग्रंथ देऊन जातो. पानं चिकटलेली, राजा बोट जिभेला लावून उलटत राहतो. पानांना विष असतं. ही गोष्ट कोळी जिन्नाला सांगतोय खरी, पण पलंगावर ऐकतोय कोण? शहरियार. निरपराध माणसाला मारणाऱ्या राजाचं काय होतं, हे त्याच्या तोंडावर कोण बोलणार होतं? लेकी बोले सुने लागे. शहराजादने खटला चालवलाच, फक्त आरोपीला ते कळू दिलं नाही.

शिंपला
हे पटलं. तरी माफी तिने मागणं मला पटणार नाही.

कोरा कागद
मग धडा आहे म्हणताय ना? मी तेच म्हणत होतो.

सांजवात
आहे, पण शेवटी छापलेला नाही, यावर मी ठाम आहे. काल लेकीला पुढचं सांगितलं. जिन्न शपथ घेतो, कोळी झाकण काढतो, आणि बाहेर येताच जिन्न पहिली लाथ त्या भांड्याला मारतो. भांडं समुद्रात. कोळ्याला दरदरून घाम. इथे मी थांबले, उरलेलं उद्या म्हटलं. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने अंधारातून आवाज आला, "आई, आता त्याच्याकडे भांडं नाही. आता तर जिन्नाने खरं वागायला पाहिजे ना?"