एमआर-लिनॅक : गरज की महागडी हौस?

मोजपट्टी : रेडिएशन देताना गाठ कुठे आहे हे आपण वर्षानुवर्षं सीटीवर बघत आलो. पण पोटाच्या सीटीत स्वादुपिंड करडं आणि शेजारचं आतडंही करडंच. एमआरआयमध्ये दोघांमधली कड दिसते. म्हणून एमआरआय आणि रेडिएशनचं मशीन एकत्र केलेलं एमआर-लिनॅक मला हौस वाटत नाही. काल बाजूला असलेलं आतडं आज गाठीला टेकलेलं असतं. रुग्ण टेबलावर असतानाच, किरण कुठून आणि किती द्यायचे याची नवी आखणी करता येते. श्वासाबरोबर गाठ सरकली की बीम, म्हणजे किरणांचा झोत, थांबवता येतो. प्रोस्टेटवरच्या 'मिराज' चाचणीत (१५६ रुग्ण) लघवीचा मध्यम किंवा तीव्र त्रास सीटीच्या गटात ४३.४ टक्के जणांना झाला, एमआरआयच्या गटात २४.४ टक्के. अजून काय हवं?

साशंक : त्याच चाचणीतलं पुढचंही सांगा की. सीटीवाल्यांना लक्ष्याभोवती ४ मिमी मार्जिन, एमआरआयवाल्यांना २. कमी भागाला शेक बसला तर त्रास कमी होणारच! शिवाय एकाच केंद्रातली चाचणी, आणि हे आकडे पहिल्या ९० दिवसांचे.

मोजपट्टी : मार्जिन कुणी मर्जीने ठरवत नाही हो. जेवढं नीट दिसत नाही तेवढं जास्तीचं धरायचं, ते मार्जिन. दिसलं म्हणून तर २ वर येता आलं.

टेबलाशेजारी : मी रुग्णांना टेबलावर झोपवणाऱ्यांपैकी. साध्या मशीनवर दहा-पंधरा मिनिटांत माणूस बाहेर येतो, इथे पाऊण तास सहज जातो. आधी स्कॅन, मग डॉक्टर अवयवांच्या कडा पुन्हा रेखाटणार, मग आखणी, मग तपासणी. तोवर मूत्राशय भरत राहतं, म्हणजे ज्याची कड आत्ताच जीव तोडून काढली तेच फुगलेलं! वर मशीनची धडधड. परवा एका आजोबांनी इंटरकॉमवर तीनदा विचारलं, "झालं का हो?" तेव्हा बीम सुरूही झाला नव्हता. बंद जागेची भीती असणाऱ्यांचं तर विचारूच नका.

साशंक : +१. आणि पैशाचं काय? २०१४ मध्ये व्ह्यूरे कंपनीच्या मशीनवर एमआरआयच्या मदतीने पहिले उपचार झाले, २०२३ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्यांनी मशीन घेतलं त्यांच्या सुट्या भागांची काळजी कोण करणार?

चुंबकवेडा : कंपनी बुडाली म्हणून तत्त्व बुडत नाही. पण मोजपट्टी, तुम्हीही एक गोष्ट गाळलीत. किरणांमुळे शरीरात सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात. ऊतीतून हवेत आले की गर्रकन मागे फिरतात, आणि त्या कडेवर डोस वाढतो. 'युनिटी'सारख्या १.५ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या एमआर-लिनॅकवर हे जास्त जाणवतं. गणितात ते धरतात, मान्य. पण आतड्यातला वायू काही गणित वाचून हलत नाही. शिवाय ऊतीत किरण किती शोषले जातील हे जिच्यावरून कळतं, ती इलेक्ट्रॉन घनता एमआरआय दाखवत नाही, म्हणजे डोस मोजायला सीटी लागतोच, नाहीतर एमआरआयवरून बनवलेला कृत्रिम सीटी.

मोजपट्टी : बरं, प्रोस्टेटसाठी ताणत नाही. स्वादुपिंडाला मात्र पाच बैठकांत ५० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक), रोज आखणी बदलून, १३६ रुग्णांना दिलेले आहेत. रोजचं आतडं न बघता हे करायची माझी तरी हिंमत नाही.

साशंक : त्या १३६ जणांसमोर तुलनेला दुसरा गट नव्हता. तो दाखवा, मग बोलू.

टेबलाशेजारी : दाखवाल तेव्हा दाखवा. तोवर डॉक्टरांना सांगा, कडा जरा लवकर काढा. आजोबांना लघवीला लागलीय.