एक्सपिडिशन्स रोम : लढाईत माणसं सारखी आडवी होतायत, मदत हवी आहे

मंडळी, सेलमध्ये एक्सपिडिशन्स रोम घेतला. २०२२ चा गेम आहे, लॉजिक आर्टिस्ट्सचा. अजून पहिल्याच मोहिमेत आहे म्हणजे ग्रीस आणि आशिया मायनर (आजचं तुर्कस्तान). आफ्रिका आणि गॉल (साधारण आजचं फ्रान्स) बाकी आहे.

स्टोरी एकदम पकडून ठेवते. बापाचा खून झाला म्हणून पोरगं रोम सोडतं, जहाजावर चाच्यांशी हाणामारी, मग रोमन सेनापती ल्युकुलसच्या हाताखाली पोंटसचा राजा मिथ्रिडेटिसविरुद्ध युद्ध. मिटिलीन (लेस्बॉस बेटावरचं ग्रीक शहर) आलं तेव्हा तर मी उडालोच, कारण खऱ्या इतिहासात मिटिलीनच्याच लढाईत तरण्या सीझरला एका रोमन नागरिकाचा जीव वाचवल्याबद्दल ओकच्या पानांचा मुकुट मिळाला होता, इ.स.पू. ८० च्या आसपास. एक खटकलं, सैनिकांचे प्रकार वेलिस (हलके), प्रिन्केप्स (ढालवाले), ट्रायारियस (भालेवाले) असे ठेवलेत, पण ही जुनी विभागणी तोवर मोडीत निघाली होती आणि सगळे लिजनरी (रोमन पायदळ) साधारण सारख्याच हत्यारांनी कोहॉर्टमध्ये (काहीशे सैनिकांच्या तुकडीत) लढायचे. असो, गेम आहे, चालतंय.

आता मेन प्रॉब्लेम. स्किल हत्यारावर अवलंबून आहेत, तलवार बदलली की चाली पण बदलतात. आयडिया भारी आहे पण डोक्याला ताप पण आहे, चांगल्या डॅमेजची तलवार मिळते तेव्हा नेमकी हवी ती चाल तिच्यात नसते. काल माझ्या टीममधल्या बेस्टियाला (वेलिस) पुढे पळवला, त्याने एकाला लोळवलं, पुढच्या टर्नला दोन ढालवाले येऊन चिकटले आणि लांबून बाण सुरू. त्याला मागे घ्यावं तर निघताना फटका बसतो, तिथेच ठेवावं तर मरतो, टीममधल्याच सिनेरोसला मलमपट्टीला पाठवला तर तो पण तिथेच अडकला. लढाई जिंकली कशीबशी पण अर्धी टीम जखमी, आता कॅम्पात औषधं संपत आलीत आणि पुढचं मिशन डोक्यावर. तर सुरुवातीला टीम कशी लावायची, आणि त्या लीजनच्या (अख्ख्या फौजेच्या) मोठ्या लढायांमध्ये जी कार्डं निवडायची असतात ती कशाच्या जोरावर निवडता तुम्ही? मी आपला चित्र बघून निवडतोय 😅

प्रतिसाद :
अरे बेस्टियासारख्या वेलिसला पहिल्या टर्नला पुढे कशाला काढतोस, त्याच्या अंगावर चिलखत असतं कितीसं. टीममधल्या ढालवाल्या केसोला तोंडावर उभा कर, मार ढालीवर खाऊ दे, त्याच्या मागे भालेवाला. शत्रू केसोवर गोळा झाले की बेस्टियाला बाजूने सोड. आपली तिरंदाज ज्युलिया लांबून त्यांचे तिरंदाज टिपत राहील. आणि बराकीतून जास्तीचे प्रीटोरियन (टीममध्ये घेता येणारे सैनिक) भरती करून ठेव, म्हणजे जखमी पडून राहिले तरी दुसरे नेता येतात. कार्डाचं म्हणशील तर चित्र सोड आणि खालचा मजकूर वाच, काही कार्डांत जिंकायचा चान्स वाढतो पण माणसं जास्त खर्ची पडतात. मी पुढे असतो तेव्हा माणसं वाचवतो, मागे पडलो तरच जुगार.

धागाकर्ता :
थँक्यू भाऊ, बराकीचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्री बसतो. अजून कोणी आफ्रिकेची मोहीम खेळलंय का? स्पॉइलर नको, फक्त सांगा ग्रीसपेक्षा अवघड आहे का, म्हणजे डिफिकल्टी आत्ताच कमी करून ठेवतो.